चुन्याच्या रेघेचं मडकं

“दोर दे, ठके! विहीर माझ्या आजानं खणलीय, तुझ्या बापानं नाही!”

“खणली आजानं. पण परवा उकिरडा वाहून आत गेला तो कुणाचा, खोतानू? तोही आजाचाच काय?”

“तोंड सांभाळ! चाखून बघितलंय मी. पाणी खारं नाही. गोडं आहे, गोडं!”

“शेणाला मीठ नसतं, खोतानू. म्हणून गोडं लागलं.”

फार वर्षं झाली. सागवेळीच्या बंदराला गलबतं लागत होती आणि गावाला विहीर एकच होती, तेव्हाचं हे भांडण. एका बाजूला विसराम खोत, दुसऱ्या बाजूला काठावर मांडी ठोकून बसलेली ठकू कुंभारीण. गाव तिला ठकूआत्या म्हणायचा. पाणी काढायचे सगळे दोर तिनं गोळा करून अंगाखाली घेतले होते. असं म्हणतात, की त्या वेटोळ्यांवर ती शेषावर बसल्यासारखी दिसत होती. दिसली असेल. तसं दिसायलाही दम लागतो.

ती हट्टाला का पेटली ते ऐका. या भांडणाच्या पंधरा वर्षं आधी कार्तिकात असंच वादळ आलं होतं. पाणी ओसरल्यावर लोकांनी विहीर चाखली. दर्याकाठच्या माणसाला पाण्याची एकच परीक्षा ठाऊक, खारं की गोडं. गोडं लागलं, प्याले. आठ दिवसांत पटकीनं सतरा माणसं नेली. त्यात ठकूचा नवरा होता आणि दोन मुलगे होते. ठकू तेव्हा टेकडीवर भट्टीपाशी अडकलेली. नवं मडकं गळतं का बघायला भरून झाकून ठेवलं होतं, तेच पाणी ती पाच दिवस प्याली आणि वाचली. लोक म्हणाले, देवीचा कोप. ठकूनं अक्षर कधी गिरवलं नव्हतं, पण तिनं विचार केला, की कोपलेली देवी टेकडी का चढली नाही? डोकं काही शाळेत वाटत नाहीत.

तेव्हापासून दर्याचा रंग फिरला की ती घरोघर जायची. मडकं घासा, भरा, तोंडाला धुतलेलं फडकं बांधा. वर झाकण, झाकणाच्या कडेला ओली माती लिंपा, माळ्यावर चढवा. मडक्याच्या पोटाला चुन्याची रेघ, म्हणजे हे पिण्याचं आणि फक्त पिण्याचं. काढायचं ते ओगराळ्यानं. आत हात बुडवणाऱ्याच्या हाताला ती तापलं उलथनं दाखवायची. असं म्हणतात, की वादळाची खबर तिला कुर्ल्या-खेकडे आणून देत, ओटीवर रांगेनं चढून. कुर्ल्यांचं मला माहीत नाही, पण वादळ तिला एकदाही चुकलं नाही.

खोतानं मात्र मडकी भरली नव्हती. “दारात विहीर असताना माळ्यावर पाणी? मी काय उंदीर आहे?” म्हणाला आणि हसला.

मग ते वादळ आलं. दोन दिवस दर्या गावातून फिरत होता. असं म्हणतात, की ठकूच्या घरात लाट माळ्यापर्यंत चढली, चुन्याची रेघ बघितली आणि मुकाट खाली उतरली. तिसऱ्या सकाळी विहिरीचं पाणी वरून नितळ दिसत होतं. खोताची सून वादळातच बाळंत झालेली. पाण्यावाचून तिचे ओठ फुटले होते, अंगावरचं दूध आटलं होतं. गावात सरपण सगळं भिजलेलं, उकळायचं म्हटलं तरी चूल पेटेना. म्हणून खोत कळशी घेऊन आला होता. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता.

“पोर मरतंय माझ्या घरात,” त्याचा आवाज फाटला, “आणि तू दोरांवर बसलीस!”

ठकू उठली. दोर खांद्यावर टाकून घरी गेली. माळ्यावरची मडकी तिनं दोन दिवसांत वाटून टाकली होती, एकच उरलं होतं, तिचं स्वतःचं. ते घेऊन आली, खोताच्या पायाशी ठेवलं आणि एकच वाक्य बोलली. खोतानं मडकं उचललं आणि मान खाली घालून चालता झाला.

दुपारी त्यानं बैठकीतला सागवानी झोपाळा कुऱ्हाडीनं फोडला. वर टांगलेला म्हणून तेवढाच कोरडा राहिला होता. त्या लाकडांवर गावासाठी पाणी खळखळ उकळलं. मग सगळ्यांनी मिळून विहीर तीनदा उपसली, चुना टाकला. त्या साली पटकीनं एकही माणूस नेलं नाही. खोताचा नातू नव्वद वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत भांडखोर.

असं म्हणतात, की ठकूचं ते मडकं बाळंतिणीकडून पुढे चाळीस घरं फिरलं आणि तरी भरलेलंच परत आलं. कुणी म्हणतं, देवीची करणी. कुणी म्हणतं, जो तो घोटभर घेऊन आपलं उकळलेलं तांब्याभर गुपचूप आत ओतत गेला. मला विचाराल तर दुसरं नवल पहिल्याहून मोठं.

आता नळ आले, टाक्या आल्या. तरी बंदरावर वादळाचा बावटा चढला, की सागवेळीत रेघेची मडकी माळ्यावर चढतात. आणि पहिलं मडकं कुणी घरात ठेवत नाही. ज्याच्याशी अबोला असेल, त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवतात. समोर बाई असो, बाप्या असो, त्याला खोतानूच म्हणायचं, आणि ठकूआत्या विहिरीवर बोलली तेवढंच बोलायचं:

“हे आधी घरी न्या, खोतानू, मग भांडायला या.”