वेलोडीच्या पुल्पीतची शिडी

वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात. वेलोडीच्या देवळात डाव्या भिंतीवर, दीड पुरुष उंचीवर, एक सागवानी सज्जा आहे. हे पुल्पीत. पूर्वी फादर यात उभे राहून उपदेश करीत. पाहुणे आधी त्याची नक्षी पाहतात, मग खाली पाहतात आणि वर जायचा जिना कुठे, असे विचारतात. जिना कधी नव्हताच. देऊळ बांधताना सगळे पैसे नक्षीत संपले, असे सांगतात. वेलोडीत याचे कोणाला नवल वाटत नाही.

जिन्याच्या जागी शिडी येई. ती कातरीनबाय नावाच्या विधवेच्या पानमळ्यातली, विड्याची पाने खुडायची. रविवारी ती देवळात असे, सोमवारी मळ्यात. हा त्या घराचा मान होता.

त्या काळी तिथे फादर ग्रासियस आले. त्यांचे लॅटिन फार शुद्ध होते म्हणे. गावात ते पारखणारे कोणी नसल्याने यावर वाद झाला नाही. त्यांचे मराठी मात्र सर्वांना कळे. वर चढले की ते नावे घेऊन बोलत. कोणाची सून माहेरी का बसली, कोणाच्या भावाला चावडीवर का नेले, सारे तिथून जाहीर होई. हळूहळू पुरुष उपदेश संपेपर्यंत अंगणातल्या चिंचेखाली थांबू लागले. बायका आत बसत, पण ज्या प्रार्थनेने पूर्वी छप्पर दणाणे ती आता ओठांतल्या ओठांत होई. आवाज ऐकला की फादरांना नाव आठवे.

अशात कातरीनबायच्या नातीचे, आंजेलचे, लग्न ठरले. लग्नाआधी तीन रविवार पुल्पीतवरून पुकार, म्हणजे ठरलेल्या लग्नाची नावानिशी घोषणा, व्हावी लागे. पहिल्या पुकारीला फादर म्हणाले, “आंजेल. बाप ताडाखाली मेला, तीच ही.” दुसऱ्या रविवारी पुस्ती जोडली, “हिच्या लग्नाला पाद्री कशाला? ताडीवाला पुरे.”

आंजेलचा बाप म्हणजे कातरीनबायचा एकुलता मुलगा. ती मान खाली घालून बसली. बाहेर येताच नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, “बाय, पोरगी आम्हाला पसंत आहे. पण तिसऱ्यांदाही हेच ऐकायचं असेल, तर आम्ही परत फिरू.” तिसऱ्या रविवारपाठोपाठ राखेचा बुधवार होता. मग उपासाचा काळ, त्यात लग्न होत नाही. आणि मोडलेले लग्न ईस्टरनंतर पुन्हा जुळेल, इतकी कातरीनबाय भोळी नव्हती.

तिसऱ्या रविवारी तिने नेहमीप्रमाणे शिडी आणून लावली. फादर चढले. उपदेश झाला. पुकारीसाठी त्यांनी घसा साफ केला.

“आंजेल. त्या ताडीबाज...”

कातरीनबाय उठली. तिने शिडी उचलली आणि खांद्यावर घेतली.

“कातरीन, हे काय?”

“शिडी नेते, फादर. उद्या पानं खुडायची आहेत.”

“आणि मी उतरू कसा?”

“ते तुम्ही बघा. चढताना आमच्या घरची शिडी तुम्हाला चालली. आमच्या घरचं नाव तेवढं चाललं नाही.”

ती खरोखरच मळ्याकडे निघाली. चिंचेखालच्या पुरुषांनी तिला शिडीसह जाताना पाहिले आणि ते आत आले. त्या वर्षात देऊळ प्रथमच भरले. फादरांनी वरून हुकूम सोडले, मग विनंत्या केल्या. लोक भक्तिभावाने ऐकत होते. जागचे कोणी हलले नाही.

शेवटी फादरांनी पुकार केली. मुलीचे नाव, बापाचे नाव, गाव. पुढे एक शब्द नाही.

तेव्हा नवरा मुलगा पास्कू उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. “या फादर, खांद्यावर पाय द्या,” तो म्हणाला. “बेतानं. बुधवारच्या आत लग्न आहे माझं.”

सारे देऊळ हसले. मग कोणीतरी प्रार्थना सुरू केली. कातरीनबायला ती मळ्यात ऐकू आली, असे सांगतात. तेव्हाच तिने शिडी खाली ठेवली.

फादर सुधारले की नाही, यावर गावात एकमत नाही. मात्र त्यांचे पुढचे सगळे उपदेश जमिनीवरून झाले, आणि जमिनीवरून माणूस जरा जपून बोलतो.

आजही वेलोडीत तिसरी पुकार झाली की फादर नवऱ्या मुलाजवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. आजही नवे फादर आले की पुल्पीत पाहून हरखतात आणि वर जायची सोय विचारतात. गावातले म्हातारे अदबीने सांगतात, “शिडी मळ्यातून लगेच आणू, फादर. उतरायचं कसं, तेवढं आधी ठरवा.”