तिसऱ्या वळणावरची वैनी

साकरखिंडीत डांबर सोडा, बैलगाडीही चढत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते नेमकं कुणालाच ठाऊक नाही. जो तो आपल्या पणज्याच्या नावावर ढकलून मोकळा होतो. खिंडीच्या पायथ्याशी तळकोंड नावाचं गाव होतं आणि ते सगळं तट्टांवर जगायचं. खालून मीठ वर न्यायचं, वरून धान्य खाली आणायचं. गावात माणसांहून घोडी जास्त होती, असं म्हणतात.

तांड्याचा म्होरक्या होता रायाजी नाईक. त्याची बायको आवडा. ती तंग विणायची. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्याच्या जिवावर खोगीर पाठीवर टिकतं. आवडाला घोड्यांचं सगळं कळायचं. तंग आवळताना घोडं लबाडी करतं, श्वास कोंडून पोट फुगवतं, हे तिला ठाऊक होतं. चार पावलं चाललं की पोट खाली बसतं आणि तंग ढिला पडतो. म्हणून ती रोज नवऱ्याला सांगायची, "थोडं चालून उतरा आन् परत आवळा." रोज सांगायची आणि तो रोज हसून ऐकायचा.

एका सकाळी दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते आज कुणाला आठवत नाही. बहुधा भाकरी करपल्यावरून. आवडा फुगून बसली. तिनं तंग आवळून दिला, पण रोजचं वाक्य काही बोलली नाही. म्हणाली मनाशी, आठवेल त्याचं त्याला. त्याला आठवलं नाही. तिसऱ्या वळणावर खोगीर कललं आणि रायाजी दरीत गेला.

गावानं ठरवून टाकलं की आवडाचा तंग तुटला. तंग तुटला नव्हता. गावात एकट्यानं परतलेल्या घोड्याच्या पोटाखाली तो अखंड लोंबत होता आणि तिनं तो स्वतः सोडवून घेतला होता. पण ती गप्प राहिली. तिला वाटलं, नवऱ्याला मारलं ते माझ्या रुसव्यानं, मग लोक काही का म्हणेनात!

तेव्हापासून तिच्याशी कुणी बोलेना. तिच्या हातचा तंग कुणी घेईना. धाकटा दीर धारोजी तांड्याचा म्होरक्या झाला; तो तर तिच्या दारावरून जाताना मान फिरवायचा. घोडी तेवढी चरत चरत तिच्या अंगणात यायची आणि ती घोड्यांशीच बोलायची. बारा वर्षं तिला कुणी नावानं हाक मारली नाही. एकटेपणानं माणूस आधी रडतं, मग चिडतं, मग स्वतःचं नावही विसरायला लागतं. आवडा तिथवर पोचली होती.

इकडे तळकोंडकरांनी आणखी एक शहाणपणा केला. पुन्हा कुणी पडू नये म्हणून चामड्याचे अरुंद, टणक तंग आणले आणि घोड्याच्या बरगडीला पाय लावून ते आवळायला लागले. घोड्यांना जखमा झाल्या. घोडी चावायला लागली, उधळायला लागली. लोक म्हणाले, हल्लीची घोडीच द्वाड!

सगळ्यांत द्वाड ठरली धारोजीची पांढरी घोडी हंसी. तिनं तिघांना पाडलं. एका सकाळी तिनं धारोजीलाच भर चावडीसमोर आपटलं. तो धूळ झटकत ओरडला, "उद्याच्याला जर हिनं अंग झाडलं, तर सोडून येतो रानात. खाऊ दे वाघाला!"

हंसीनं दावं तोडलं आणि ती सरळ आवडाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिला माणसाचं बोलणं कळलं होतं, असं म्हणतात. मागोमाग धारोजी आला, पण उंबऱ्यापाशी अडखळला.

आवडानं घोडीच्या कोपरामागं हात घातला. हाताला रक्त लागलं. हंसीची छाती पुढं निमुळती होती. सरळ पट्टा सरकत सरकत त्या निमुळत्या जागी यायचा, कोपराला घासायचा आणि जाताना खोगीरही खांद्यावर ओढून न्यायचा. घोडी द्वाड नव्हती, बिचारी दुखण्यानं वेडी झाली होती.

"उद्यापत्तुर घोडी हितं राहू द्या," आवडा म्हणाली. बारा वर्षांत माणसाशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

घरात लोकर नव्हती. होती ती रायाजीची घोंगडी. बारा वर्षं तीच तिची सोबत होती. आवडानं ती एकदा तोंडाशी धरली आणि उसवायला घेतली. तिनं तंग विणला तो मधे तळहातभर रुंद, कोपरापाशी आत घेतलेला आणि दोन्ही टोकं मागं वळवलेला, म्हणजे पट्टा त्याच्या जागी बसेल आणि खोगीर त्याच्या जागी राहील. ती विणत होती तोवर गावातली सगळी घोडी दावी तोडून तिच्याभोवती उभी होती आणि त्यांच्या श्वासांनी तिची बोटं ऊबदार राहिली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिनं हंसीवर तंग बसवला, जखमेपासून दूर. दोन बोटं आत सरकतील इतकाच आवळला. धारोजी बसला. घोडीनं कानही हलवला नाही. आवडा शेजारून चालू लागली. बारा वर्षांत ती खिंडीत गेली नव्हती. तिसऱ्या वळणावर ती थांबली.

"उतरा, भावोजी. आता बघा."

धारोजीनं तंगाखाली हात घातला. आख्खी मूठ आत गेली.

"कुणी सोडला?"

"कुणी न्हाई. घोडं श्वास सोडतंय. परत आवळावा लागतो." मग तिनं पदराखालून एक जुना तंग काढला. एक टाकाही उसवला नव्हता. "ह्योच त्यांचा. तुटला न्हवता. मी त्या दिशी रुसले होते. सांगायचं तेवढं सांगितलं न्हाई."

धारोजीनं तंग हातात घेतला. त्याच वळणावर त्याचा भाऊ गेला होता आणि त्याच वळणावर तो लहान मुलासारखा रडला. मग म्हणाला, "वैनी, घरी चला."

आवडा घरी गेली नाही. तिसऱ्या वळणावर खोपट बांधून राहिली. वर जाणाऱ्या प्रत्येक घोड्याला थांबवायची, तंगाखाली दोन बोटं घालायची आणि रोजचं वाक्य बोलायची. पुन्हा त्या वळणावरून कुणी पडलं नाही. म्हातारपणी एका पहाटे खोपट रिकामं दिसलं. हंसी तर केव्हाच मेली होती, तरी ओल्या मातीत घोडीचे खूर उमटले होते, असं म्हणतात.

आता तिथून टेम्पो जातात. तळकोंडात घोडी उरली ती वरातीपुरती. तरी तिसऱ्या वळणावर गाडी थांबते. ड्रायव्हर खाली उतरून ताडपत्रीच्या दोरीखाली दोन बोटं घालून बघतो, मोटारसायकलवाला मागं बांधलेलं सामान चाचपतो. घरात भांडण करून निघालेला माणूस तिथूनच घरी फोन लावतो. आणि पुढं जाण्याआधी म्हातारा असो, पोर असो, नवी सून असो, प्रत्येक जण तिच्या खोपटाच्या जागी मांडलेल्या दगडाकडं बघून म्हणतो, "वैनी, येतो गं."

तेवढं म्हटल्याशिवाय तिथून कुणी हलत नाही.