गोजराबाईची हातभर वाकळ

बालाघाटाच्या डोंगरात घाटवाट जिथे पहिले वळण घेते, तिथे निमखेड नावाचे गाव आहे. भाविकहो, या गावाला ना मोठे देऊळ, ना बारमाही नदी. जमीन मुरमाड, ज्वारीपलीकडे काही पिकत नाही. पण हरबाजी महाराजांचे पाय या मातीला लागले आणि निमखेडचे नाव ऐकताच लोकांचे हात आपोआप जोडले जाऊ लागले.

महाराज मारुतीच्या देवळाच्या पडवीत राहत. अंगात बंडी, खांद्यावर काळी घोंगडी आणि झोळी, एवढाच त्यांचा संसार. कीर्तनाला उभे राहिले की आवाज असा लागे, की गोठ्यातली जनावरेसुद्धा रवंथ थांबवून ऐकत, असे जुनी माणसे सांगत.

एका हिवाळ्यात ऐन कीर्तनात त्यांनी टाळ थांबवले आणि बायकांकडे वळून विचारले, की कोणाकोणाच्या घरी फाटकी लुगडी आहेत? बायकांनी माना खाली घातल्या. महाराज म्हणाले, “लाजता कशाला? फाटलंय म्हणजे कुणीतरी अंगाला लावलंय. देवाला कोरं वस्त्र चालतं, पण कुडकुडणाऱ्याला मऊच लागतं. आणा ती इथं.”

त्या दिवसापासून निमखेडात वाकळींची, म्हणजे चिंध्यांच्या गोधड्यांची, बैठक सुरू झाली. दिवाळी सरली की घरोघरच्या चिंध्या गोळा होत, ओढ्यावर धुतल्या जात, आणि दुपारची कामे उरकून साऱ्या बायका देवळाच्या मंडपात गोल करून बसत. पाटलाच्या घरचे धोतर आणि गुराख्याचे मुंडासे एकाच वाकळीत शेजारी शेजारी लागे. धावदोरा कडेने सुरू व्हायचा आणि फिरत फिरत मध्याकडे यायचा. अगदी मधोमध मूठभर जागा उरायची, तिला म्हणायचे वाकळीचे पोट. ते शिवून टाकण्याआधी प्रत्येकीने आपल्या घासातले ज्वारीचे दाणे त्यात घालायचे. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असे महाराजांनी सांगून ठेवले होते. शिवताना बायका गात:

चिंधीला जोडू चिंधी, जोडू सासर माहेर,
उघड्याला देऊ बाई, निमखेडचा आहेर.

आणि खरेच, काय त्या वाकळी असत! टाके असे, की मुंग्यांची रांग चालली आहे. घाटातला वाटसरू, दारचा भिकारी, बाळंतीण, ज्याला नाही त्याला त्या दिल्या जात. परगावी दिलेल्या लेकी सासरी ठसक्यात सांगत, आमच्या मारुतीला दागिने नाहीत, पण त्याच्या देवळातून कोणी उघडा गेला नाही.

धुण्याचे काम होते गोजराबाई परटिणीकडे. विधवा बाई, मूलबाळ नाही. गावभरच्या चिंध्या ती ओढ्यावर घासायची, वाळवायची, घड्या करून मंडपात आणून ठेवायची. मग खांबाला टेकून बायकांचे शिवणे बघत बसायची. सुई कधी कोणी तिच्या हाती दिली नाही, तिनेही मागितली नाही.

एका मार्गशीर्षात घाटमाथ्यावरच्या पाथरवटांच्या वस्तीला आग लागली. माणसे वाचली, पण कुडाच्या भिंती, पांघरुणे, सारे जळून गेले. महाराजांनी बायकांना बोलावून सांगितले, की यंदा वस्तीतल्या प्रत्येक चुलीमागे एक वाकळ पोचली पाहिजे, माथ्यावरची थंडी वाट बघत नाही.

त्या साली बैठकीची सूत्रे पाटलीणबाईंकडे आली होती. नाव द्वारकाबाई, पण सारे गाव त्यांना वहिनीसाहेब म्हणे. बाई कर्तबगार, शिवणात तर हात धरणारे कोणी नव्हते. पण त्या हातांचा त्यांना गर्व होता. त्यांनी खणाचे आणि रेशमी काठांचे तुकडे जोडून अशी वाकळ केली, की बायका काम टाकून बघत राहिल्या.

गोजराबाई त्या वेळी महाराजांकडे गेली. तिचा धनी अनेक वर्षांपूर्वी त्याच घाटात गारठून गेला होता. ती म्हणाली, “म्हाराज, सगळ्यांच्या चिंध्या धुतल्या. एक वाकळ माझ्या हातची त्या डोंगरावर जाऊ द्या. माझ्या माणसावर पांघराया काहीच नव्हतं वो.”

महाराजांनी स्वतःच्या झोळीतली सुई काढून तिला दिली.

सुई मिळाली, पण कापड कुठले? तिच्यापाशी दोनच लुगडी. एक अंगावरचे, दुसरे दांडीवरचे. दांडीवरचे तिने फाडले. आधीच विरलेले, त्यातले धड निघाले ते थोडेच. थर घातले, टाके घातले, आणि वाकळ झाली हातभर. पोट भरायची वेळ आली तेव्हा घरात संध्याकाळच्या भाकरीपुरती ज्वारी होती. त्यातले चार दाणे घातले असते तरी रीत झाली असती. पण पहिलीच वाकळ हातून घडली, तिचे पोट अर्धे कसे ठेवायचे? गोजराबाईने सगळी मूठ आत घातली, टाका मारला आणि पाणी पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी मंडपात ती वाकळ पुढे ठेवली, तर वहिनीसाहेबांनी ती दोन बोटांत धरून उचलली.

“गोजरे, ही वाकळ म्हणायची का कुंची? हिच्यात पाथरवट झाकायचा का त्याचा हातोडा?”

मंडप हसला. कोणी म्हणाले, मधे केवढं टेंगूळ आलंय बघा, वाकळ का गाभण म्हैस? गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आले. पण ती म्हणाली, “असंल की तिथं कुणी बारकं.”

वहिनीसाहेबांचे म्हणणे असे पडले, की निमखेडची वाकळ म्हणून हे बोचके बाहेर गेले तर गावाचे नाव जाईल. त्यांनी ती बाजूला टाकली. समई पुसायला होईल म्हणाल्या. महाराज पडवीत बसले होते. ते उठून आत आले, ती वाकळ उचलली, तिची गुंडाळी केली आणि काखेत मारली. वर घोंगडी ओढून घेतली.

निघायचा दिवस उजाडला. रीत अशी, की वाकळी गाठोड्यात बांधायच्या आणि वर घोंगडी आवळायची. वहिनीसाहेबांनी गाठोडी बांधू दिली नाहीत. वाटेवरच्या गावांनाही दिसू दे निमखेडच्या बायकांचे हात, असे म्हणून साऱ्या वाकळी बैलगाड्यांवर पसरल्या आणि रेशमी वाकळ सगळ्यांत वर घातली. खरे सांगायचे तर त्या दिवशी साऱ्याच बायकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. टाळ वाजत होते, ओव्या चालल्या होत्या, वाटेवरचे लोक शेत सोडून बघायला येत होते. महाराज सर्वांच्या मागून चालले होते, आणि त्यांच्या मागून गोजराबाई.

दुपार कलली आणि अर्ध्या घाटात आभाळ फिरले. आधी वारा, मग पाऊस, आणि बघता बघता लिंबाएवढ्या गारा. बैल बुजले. गाड्यांवरची एकही वाकळ झाकता आली नाही. सगळ्या चिंब होऊन अशा जड झाल्या, की उचलता येईनात. बायका डोक्यावर हात धरून वर धावल्या. वस्तीजवळ दगडाची खाण होती. तिच्या कपारीत पाथरवटांनी आगीनंतर आसरा घेतला होता. तिथेच सगळे शिरले.

आत बघतात तो जिवाचा थरकाप व्हावा असे दृश्य. म्हातारी माणसे दाटीवाटीने बसलेली, पोरे निळी पडलेली. लाकडे भिजली, विस्तव धरेना. मधोमध साळू नावाची पाथरवटाची सून, बाळंत होऊन आठवडा झाला नव्हता. तिच्या कुशीतले बाळ आता रडतही नव्हते.

वहिनीसाहेबांनी बाहेर गाड्यांकडे पाहिले. साऱ्यांची मेहनत चिखलात पडली होती, आणि इथे एक कोरडी चिंधी नव्हती. त्या कपारीच्या तोंडाशीच थबकल्या. आत यायचे त्यांना धाडस होईना.

महाराजांनी घोंगडी बाजूला केली, काखेतली गुंडाळी काढली आणि गोजराबाईच्या हाती दिली.

“घाल पांघरूण, बाई.”

“म्हाराज, ही तर बाळालाच पुरंल.”

“मग बाळापासून सुरू कर.”

गोजराबाईने वाकळ बाळावर घातली. कड ओढली, ती आईपर्यंत आली. तिला वाटले, आपला अंदाज चुकला असेल. आणखी ओढली, शेजारची दोन पोरे झाकली. पोरांच्या आजीने कड धरली, तिने आपल्याकडे घेतली, तिच्या शेजारणीने आपल्याकडे. कपारीत एकेकाचा हात पुढे होत गेला आणि वाकळ येत गेली. तेच विरलेले लुगडे, तेच वाकडे टाके, पण शेवट काही लागेना! महाराज म्हणाले, “ओढा, भिऊ नका. हिला शिवणारीनं आपल्या पोटाचं सगळं दिलंय. जिचं पोट भरलं, ती कुणाला कमी पडत नाही.”

आणि ऊब तर अशी, की पेटत्या चुलीपाशी बसावे. थोड्या वेळात बाळाने तोंड उघडले आणि कपार दणाणून सोडली. साळू रडत रडत हसू लागली. तो रडण्याचा आवाज ऐकून निमखेडच्या बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले. ती वाकळ हसण्यावारी नेणाऱ्या त्याच बायका, आता शेजारच्या पाथरवटिणीला सांगू लागल्या, आमच्या गोजराची आहे ही, आमच्या गोजराची.

एकट्या वहिनीसाहेब बाहेरच्या अंगाला उभ्या होत्या. ओले लुगडे अंगाला चिकटलेले, दात वाजत होते. त्यांच्याकडे आधी कोणाचे लक्ष गेले असेल? गोजराबाईचे. तिने वाकळीची कड वर उचलून धरली.

“वहिनीसाहेब, हितं या. जागा हाय.”

त्या खाली मान घालून आल्या आणि परटिणीच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. त्यांना हुंदका आवरेना.

गारा थांबल्या, ऊन पडले. सगळे बाहेर आले आणि बाळावरची वाकळ पाहिली, तर ती हातभरच होती. वहिनीसाहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कुठे जोड आहे का म्हणून कडा चाचपल्या. मग महाराजांना हात जोडून म्हणाल्या, “महाराज, ही आमच्या देव्हाऱ्यात ठेवते. रोज फूल वाहीन. हिच्या बदल्यात माझी रेशमी वाळवून बाळाला देते.”

“बाई, देव्हाऱ्यात थंडी कुणाला वाजते?” महाराज म्हणाले. “जिथं ती पांघरली जाईल तिथंच देव आहे. बाळाची आहे, बाळाला राहू दे.”

वहिनीसाहेब महाराजांच्या पायांशी वाकल्या, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, “आम्ही नुसती काखेत धरून आणली.”

त्या गोजराबाईकडे वळल्या. ती तर घाबरून साळूच्या मागे लपली. माझ्या पाया नका पडू, गावात कुणी मला धुणं देणार नाही, असे म्हणू लागली. वहिनीसाहेबांना हसू आले आणि रडूही. मग त्या खाली बसल्या आणि साळूच्या मांडीवर बाळासकट पसरलेल्या त्या हातभर वाकळीवर त्यांनी आपले कपाळ टेकवले.

त्याच क्षणी बाळाने वाकळ ओली केली.

साळू ओशाळून बाळाला उचलू लागली. पाटलीणबाईंनी मात्र मान वर केली नाही. कपाळ तसेच टेकलेले ठेवून त्या म्हणाल्या, “राहू दे गं. आता कुठं मला ऊब लागली.”

हरबाजी महाराजांनी टाळ हाती घेतले, आणि त्या उघड्या डोंगरावर निमखेडच्या आणि पाथरवटांच्या बायकांनी मिळून जो जयजयकार केला, तो ऐकणाऱ्यांच्या पांघरुणात सदैव ऊब राहो.