ब्याऐंशी मिलिलिटरची वाटी

"...पण मग मलाच का नाही, बाबा? पंक्चर काढणाऱ्या रसूलला तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवून घेतलंत."

नळीबाबा भाकरी थापत होते. थापता थापताच म्हणाले,

"सर, तुम्हाला काय येतं?"

तो 'सर' प्राध्यापक हेरंब नाईकवाड्यांना चांगलाच टोचला. बाबा रसूलला 'अरे' म्हणत आणि यांना 'सर'. म्हणजे पाहुणाच!

आता हे बाबा मोठे विद्वान होते, असं कुणी समजू नये. हेरंबच्याच कॉलेजात बत्तीस वर्षं ते प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या आणि मोजपात्रं धूत होते. निवृत्त झाले आणि माळावर झोपडी बांधून राहिले. लोक आपोआप येऊ लागले, आणि नाव पडलं नळीबाबा. येणारा हसत परत जाई. का, ते त्यालाही सांगता येत नसे.

हेरंबला मात्र कुणी हसताना पाहिलं नव्हतं. सुवर्णपदक, डॉक्टरेट, दोन पुस्तकं... आणि नाकावर माशी बसू देतील तर शपथ. घरी बायको "आज फार उकडतंय" म्हणाली, की हे तापमान सांगून तिची चूक काढत. सगळे मान द्यायचे, पण जवळ कुणी बसायचं नाही. माणसाला हे पंचेचाळिशीत कळलं की फार लागतं. बाबांकडे शिष्य म्हणून राहायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. बाबांनी दोनदा परत पाठवलं होतं. आज नाही म्हणाले, तर पुन्हा हा माळ चढायचा नाही, असं ते मनाशी पक्कं करून आले होते.

"मला काय येतं?" हेरंब ताठ झाले. "सार्वत्रिक वायू स्थिरांक. आठ दशांश तीन एक चार चार सहा दोन सहा एक आठ. दर मोलला, दर केल्विनला इतके ज्यूल. हवा असो, हायड्रोजन असो, आदर्श वायूला हाच आकडा. जगात कुठेही जा, हा बदलत नाही."

"वा!" बाबा म्हणाले. "लिहून दाखवा."

हेरंबनं चुलीतला विझलेला कोळसा घेतला. फरशीवर लिहिलं : पीव्ही बरोबर एनआरटी. "दाब गुणिले आकारमान, बरोबर मोल गुणिले आर गुणिले तापमान. यातला आर म्हणजे तो."

बाबांनी पितळी तांब्या पुढे सरकवला. "यात बरोब्बर लिटरभर मावतं. दाब वातावरणाचा धरायचा आणि हवा या तांब्यानं मोजायची. आता तुमचा आर किती?"

"शून्य दशांश शून्य आठ दोन."

"म्हणजे बदलला."

"बदलला नाही हो! एककं बदलली. स्थिरांक तोच."

"असं होय..." बाबांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग एक छोटी वाटी काढली. आतल्या बाजूला एक ओरखडा होता. "या खुणेपर्यंत ब्याऐंशी मिलिलिटर. वर एखादा थेंब. मी स्वतः मोजून खूण केलीय. आता हिनं मोजा."

हेरंब खूश झाले. गणित म्हटलं की स्वारी खुलायची. त्यांनी भराभर भागाकार मांडला. निम्म्यात हात थांबला.

"किती?"

"...एक."

"आणि एकानं गुणलं की?"

"काही होत नाही." हेरंबचा आवाज उतरला. "मग तो... लिहिलाच नाही तरी चालतं."

बाबांनी ओला तळवा फिरवला. आर गेला. फरशीवर पुसट काळा डाग राहिला.

"बाबा!" हेरंब ओरडलेच. "सार्वत्रिक स्थिरांक आहे तो!"

"मग माझ्या हातानं कसा जाईल?"

बाबांनी भाकरी उलटली, मग तव्यावरून काढून निखाऱ्यांवर उभी धरली. ती हळूहळू टम्म फुगली.

"हिला कळवलंय का कुणी, की आर पुसला म्हणून?"

हेरंबनं तोंड उघडलं. आत बहुतांशी पाण्याची वाफ आहे, ती काही आदर्श वायू नाही, हे सांगायचं त्यांच्या अगदी जिभेवर होतं. पण त्या भाकरीकडे बघून त्यांना ते सांगवेना.

बाहेर माळावर बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"ते सगळे आकडे मग..." हेरंब अखेर म्हणाले.

"हं?"

"...वायूचे नव्हतेच. आमच्या मापांचे होते."

"कितवीत पाठ केले होते?"

"अकरावीत." त्यांचे डोळे भरून आले, आणि आपल्याला रडू कसलं येतंय, हेही त्यांना कळेना. "बाबा, त्या आकड्यांशिवाय मला दुसरं काही येत नाही हो."

बाबांनी निखाऱ्यांवरची भाकरी उचलली आणि तशीच त्यांच्या तळहातावर ठेवली.

"किती गरम आहे?"

"साधारण पंच्याण्णव अं... आई गं! भाजलं! बाबा, भाजलं!"

भाकरी या हातातून त्या हातात उडाली. प्राध्यापकांनी उभ्यानं दोन उड्या मारल्या, हातावर फुंकर घातली, आणि कसं कोण जाणे, पण मोठमोठ्यानं हसायला लागले. हसता हसता खालीच बसले.

बाबांनी पिठाची परात त्यांच्यापुढे सरकवली.

"'आई गं' हे एकक चालेल. हेरंबा, उद्यापासून पीठ तू मळ."