थोरली काठी, धाकटी काठी

खाडीवर अजून पूल नव्हता, त्या काळची गोष्ट. हिराजीबाबाच्या पडवीत मासे गरवायच्या दोन काठ्या होत्या. थोरली ताठ बांबूची, ती मानानं खुंट्यांवर आडवी असे. धाकटी बारीक वेताची, ती कोपऱ्यात. घरचा रिवाजच होता, की नवा गळ आधी थोरलीला बांधायचा. आमिषाला लाकडी बेडूक लावून तिनं दाट लव्हाळ्यातून कितीतरी जिताडे मासे खेचून काढले होते. "हिला आता वालाच्या वेलाला रोवतो," असं बाबा धाकटीकडे बघून म्हणाला, तेव्हापासून ती धास्तावली होती.

एकदा बाबानं आमिषाला पत्र्याचा हलका मासा केला आणि त्याला तीन टोकांचा बारीक गळ लावला. रिवाजाप्रमाणे तो थोरलीला बांधला. जिताडा दोनदा लागला. दोन्ही वेळा थोरलीनं हिसका दिला आणि गळ त्याचं तोंड फाडून रिकामा परत आला.

"जिताडाच कच्च्या तोंडाचा!" ती फणकारली.

बाबानं वैतागून तो गळ धाकटीला बांधला. जिताडा लागला, उसळला. धाकटीचं टोक पार पाण्याला टेकलं.

"मोडलीस गं!" थोरली ओरडली.

पण मासा ओढी तशी धाकटी वाकत गेली, आणि तो दमला तशी हळूहळू सरळ झाली. जिताडा काठावर आला.

संध्याकाळी बाबानं दोघींना खुंट्यांवर ठेवलं.

"एवढं वाकताना लाज नाही वाटली?" थोरलीनं हळूच विचारलं.

"मासा सुटेल याचीच धास्ती होती, लाज कुठली आठवतेय!" धाकटी म्हणाली. "ताई, उद्या लव्हाळ्यात बेडूक सोडायचाय. तिथं माझं काही चालायचं नाही."

थोरली जराशी सरकली आणि तिनं धाकटीला नीट जागा करून दिली.