पदरावरचे पाच थेंब

“मग विचारायचं कशाला, मास्तर? डाग कशाचा ते मला आपणहून कळत असेल तर?”

भिकाजी मास्तर तीन आठवडे लेकीकडे सोलापूरला राहून नुकतेच परतले होते. हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती, तेवढ्यात निनादने त्यांना गाठलं.

कराडचं ते ड्रायक्लीनिंगचं दुकान. खिडकीजवळ एक टेबल, डाग काढायचं. चाळीस वर्षं त्या टेबलावर मास्तरांशिवाय कोणी बसलं नव्हतं. जाताना ते म्हणाले होते, तोवर डाग तू काढ, आल्यावर तुझं काम बघतो, मग टेबलाचं ठरवू.

निनादला ते टेबल हवं होतं. टेक्स्टाइल केमिस्ट्रीची पदवी घेऊन तो दोन वर्षं इथे राबत होता, आणि मास्तरांची एकच रीत त्याला खुपत होती. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय ते डागाला हात लावत नसत. कशाचा, कधीचा, कसा पडला. चहाच्या डागासाठीसुद्धा दहा मिनिटं गप्पा. या तीन आठवड्यांत निनादने एकालाही काही विचारलं नव्हतं. वास घ्यायचा, थेंबभर पाणी सोडून बघायचं, झालं. एकही कपडा परत आला नव्हता.

हे सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. “सगळ्यात अवघड कुठला होता?”

निनाद याचीच वाट बघत होता. त्याने रॅकवरून एक साडी काढली. मोरपंखी रेशीम.

“रक्त. तेही वाळलेलं. शोधून दाखवा, कुठे होतं.”

मास्तरांनी साडी उजेडात धरली. खरंच सापडेना. इस्त्रीवरच्या शेवंताबाई म्हणाल्या, पोराचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे हो.

“आहे,” मास्तर म्हणाले. “कोणाची साडी?”

शहापूरकरांची, निनादने सांगितलं. साहेब स्वतः येतात कपडे घेऊन, फार सभ्य माणूस. या महिन्यात त्यांच्या मिसेसचे तीन कपडे आले, तिन्हींवर रक्तच. तिन्ही त्याने कोरे करकरीत करून ठेवले होते.

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली...

मग त्यांनी साडी उलगडली आणि पदर निनादच्या डाव्या खांद्यावर टाकला.

शेवंताबाईंना हसू आवरेना. नवरी जरा उंच आहे, पण चालेल म्हणाल्या.

“पहिला कपडा?”

“कुर्ता.”

“डाग कुठे होता? बोट ठेव.”

निनादने उजव्या कोपरावर बोट ठेवलं. ही परीक्षाच चालली होती आणि त्याला ती सोपी वाटत होती. एकेका डागावर तो तास तास वाकून बसला होता. झोपेतही सांगितलं असतं.

“दुसरा?”

“ब्लाउज.” त्याने हात मागे वळवून मानेखाली नेला. “इथे. लांबट, ओघळलेला.”

“आणि ही साडी?”

“पदरावर. गोल थेंब, पाच.” त्याने खांद्यावरच्या रेशमावर बोट टेकवलं. “घासून लागलेले नव्हते. वरून पडलेले.”

“वरून... कुठून?”

निनादचं बोट खांद्यावरून उठलं. वर गेलं. कानाच्या पाळीपाशी येऊन थांबलं.

शेवंताबाईंची इस्त्री थांबली.

बोट तिथून निघेना. कोपर, पाठ, कान... तिन्ही जागा त्याच्याच अंगावर जाग्या झाल्या होत्या. थेंब किती दिवसांचे, किती खोल मुरलेले, सगळं त्याला कळलं होतं. त्यांच्या वर एक कान होता, हे कळलं नव्हतं.

“मी... धुऊन टाकलं सगळं,” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.



काचेचं दार वाजलं. शहापूरकर पावती घेऊन आत आले. पांढरा शर्ट, बाह्यांना कडक घडी. त्यांनी मास्तरांना प्रवास कसा झाला ते विचारलं, लेकीची खुशाली विचारली. निनादच्या खांद्यावर साडी बघून हसले. मग पदर बघायला त्यांनी हात पुढे केला.

निनादने अंग चोरलं. खांदा आपोआप वर आला, मान आपोआप खाली गेली.

शहापूरकरांचं तिकडे लक्ष नव्हतं. पदर उजेडात धरून त्यांनी मान डोलावली.

“वा. मागमूस नाही.”

निनादच्या तोंडाशी शब्द आले. मास्तरांची बोटं त्याच्या मनगटाभोवती आवळली... दुसऱ्या हाताने त्यांनी साडी सावकाश काढून घेतली आणि आपल्या पोटाशी धरली.

“आज नाही मिळायची. डाग आहे अजून.”

“कुठे?” शहापूरकर वाकून बघू लागले. “मला तर काहीच दिसत नाही.”

“तुम्हाला नाही दिसायचा, साहेब,” मास्तर म्हणाले. “बाईंना पाठवा.”