महाराजांनी मौन सोडले

श्रीचिंतोबा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी मांजरवेल गावी, ओढ्याकाठच्या मठात होता. त्यांनी वर्षभराचे मौन धरले होते. अकरा महिने झाले होते, एक उरला होता.

गावात हरबा कोष्टी नावाचा विशीतला विणकर होता. आईबाप नव्हते, मावशीने वाढवलेला. स्वभावाने लाजाळू, मनाला लावून घेणारा. मठातल्या पंगतीत ज्याची पाळी त्याने श्लोक म्हणायचा, अशी रीत. हरबाची पाळी आली आणि दुसऱ्याच चरणाशी त्याची जीभ अडली. भजनी मंडळाचे पुढारी बाळाजीपंत म्हणाले, "याचा श्लोक संपेपर्यंत भात आंबेल रे!" सारी पंगत हसली. दुसरा कोणी हसून मोकळा झाला असता. हरबाने ते वाक्य घरी नेले. गावाने त्याचे नाव 'आंबटभात' पाडले. तो पंगतीला येईनासा झाला, मग माग बंद पडला, आणि आपण नसलो तर कोणाचे काही अडणार नाही, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरू लागला.

एका दुपारी तो मठात आला. महाराज मौनात आहेत, काही विचारणार नाहीत, एवढाच त्याला धीर. पायांवर डोके ठेवून तो हळूच म्हणाला, "जातो, महाराज."

निघताना आपल्याकडे 'येतो' म्हणतात. हे कोणाला शिकवावे लागत नाही. हरबा उंबऱ्याशी पोचतो तोच मागून आवाज आला, "येतो म्हण."

हरबा वळला. महाराजांनी जवळ येऊन त्याचे मनगट धरले. "जीव नकोसा झालाय का रे तुला?"

हे आजवर कोणी विचारले नव्हते. हरबा मटकन खाली बसला आणि किती तरी वेळ रडत राहिला. महाराजांनी मनगट सोडले नाही. मावशीला बोलावणे धाडले.

महाराज बोलल्याची बातमी ऐकून मठात गर्दी जमली; बाळाजीपंतही चार माणसे घेऊन तरातरा आले. तुझ्यासारख्या बावळटापायी महाराजांचे तप बुडाले, असे हरबाला सर्वांदेखत बोलले. मग महाराजांकडे वळून, आपण तर नुसती थट्टा केली होती, असे सांगू लागले.

"थट्टा तुम्ही केलीत, पंत," महाराज म्हणाले. "चाळीस जण हसले. त्यांतला एकही नंतर याच्या दारी गेला नाही."

पंतांनी उत्तराला तोंड उघडले, आणि काय आश्चर्य! शब्दच फुटेना. महाराजांनी सोडलेले मौन जणू त्यांच्या जिभेवर येऊन बसले. मागे कोणी तरी फिसकन हसले.

हरबा हसला नाही. शब्द शोधणाऱ्या माणसाच्या मनात काय होते, ते त्याला ठाऊक होते. डोळे पुसत तो उठला, पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाला, "सा... सावकाश, पंत. आम्ही थांबतो."

घोट उतरला आणि वाचा परतली. "चुकलो," एवढाच शब्द. पंत महाराजांचे पाय धरायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले व हरबाकडे बोट दाखवले.

हरबाच्या मनातला अंधार एका दिवसात सरला नाही. पुढे कित्येक महिने मावशी आणि महाराज आळीपाळीने त्याच्याजवळ बसत. पण त्या दुपारी बाळाजीपंतांचे कपाळ विणकराच्या पावलांवर टेकले, आणि भरल्या मठात कोणीही हसले नाही.